रुग्णांची भाषा शिकलेला डॉक्टर

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव ठाऊक नाही असा सोलापूरकर विरळाच. भारत-चीन मैत्रीचे प्रतीक म्हणून त्यांच्या प्रतिमेस हार घातले जातात, त्यांच्या त्यागाचे गुणगान होते. परंतु ज्या गुणामुळे त्या त्यागास फळ आले, त्याची चर्चा क्वचितच होते. तो गुण म्हणजे ऐन प्रौढपणी एक सर्वस्वी परकी भाषा आत्मसात करण्याची चिकाटी.

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू या भाषा जेथे शेजारधर्माने नांदतात, त्या गावात ते वाढले. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा चिनी सेनानी जू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. पुढील वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी त्यासाठी देशाला आवाहन केले. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस असे पाच डॉक्टर सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघाले. कोटणीसांच्या वयाला तेव्हा अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

फेब्रुवारी १९३९ मध्ये हे पथक यनानला पोचले. तेथून पुढे उत्तर चीनच्या डोंगराळ युद्धक्षेत्रात कोटणीसांचे काम सुरू झाले. त्याच भागात त्यांच्यापूर्वी कॅनडाचे विख्यात शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी काम केले होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये बेथ्यून वारले. त्यांची सेवा अलौकिक होती. पण रुग्णांशी बोलताना त्यांना दुभाष्याचा आधार घ्यावा लागे. कोटणीसांनी तो आधार सोडण्याचा निश्चय केला. शेतकऱ्याच्या घरून आलेल्या जखमी शिपायाला वेदना कोठे आहे, हे त्याच्याच बोलीत विचारता आले पाहिजे, ही त्यामागची जाणीव असली पाहिजे. ते चिनी बोलू लागले, वाचू लागले आणि अखेर त्या भाषेत शल्यशास्त्र शिकवू लागले.

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. पाहुण्या डॉक्टरला मान मिळतो, परंतु संस्था सोपविली जाते ती घरच्या माणसाकडे. हा प्रवास भाषेमुळेच शक्य झाला. त्याच वर्षी परिचारिकांना शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या पुत्राचे नाव यिनह्वा ठेवण्यात आले. त्यातील यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन. चिनी विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहीत असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. पुस्तक अपुरे राहिले.

या चरित्राचा अर्थ केवळ विश्वबंधुत्वाच्या भाषणांपुरता नाही. आपल्याकडे भाषा शिकण्याचे ओझे नेहमी दुबळ्यावर टाकले जाते. रुग्णाने डॉक्टरची, पक्षकाराने कचेरीची आणि बालकाने शाळेची भाषा शिकावी, अशी अपेक्षा असते. कोटणीसांनी हा क्रम उलटा केला. ज्याच्या हाती अधिकार आणि विद्या होती, त्याने भाषा शिकली.

सोलापुरात सात रस्त्यावर घटकाभर उभे राहिले तरी किती भाषा कानांवर पडतात! मात्र आयुष्यभर विड्या वळलेली तेलुगुभाषक वृद्धा कचेरीच्या खिडकीपाशी येते, तेव्हा तिचा अर्ज दुसऱ्याच कोणाला तरी बोलावा लागतो. घरी कानडी बोलणारे मूल मराठी शाळेच्या पहिल्या वर्गात मुके होते. माणूस बालपणी आणि वृद्धापकाळी अशा रीतीने समाजाबाहेर पडतो. त्याची उणीव असते ती केवळ शब्दांची. शिक्षकाने शंभर कानडी शब्द, कारकुनाने पन्नास तेलुगू वाक्ये शिकणे ही काही चिनी भाषेत शल्यशास्त्र शिकविण्याइतकी दुष्कर गोष्ट नव्हे. कोटणीसांच्या प्रतिमेस हार घालणाऱ्या शहराने निदान एवढे तरी मनावर घ्यावे.