डिझेल हे आडनाव कुणाचं? पहिलं इंजिन चाचणीत फसलं, नंतरची ग्राहकांनी परत केली. रुडॉल्फ डिझेल यांना घाई कशी महागात पडली

बोदवडच्या बाजार समितीत कापूस घेऊन येणारा ट्रॅक्टर, भुसावळकडे जाणारी एसटी, वीज नसली की विहिरीवर सुरू होणारं इंजिन. या सगळ्यांत एका माणसाचं आडनाव आहे. डिझेल हे इंधनाचं नाव नंतर झालं, त्याआधी ते रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरचं आडनाव होतं.

त्यांची गोष्ट बहुतेकदा यशाची म्हणून सांगितली जाते. पण जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवून हौसेने 'प्रोजेक्ट' उभा करणाऱ्यांना त्यांच्या चुकांचा भाग जास्त उपयोगी आहे. त्या चुकांत पैसा गेला, तब्येत गेली आणि शेवट फार वाईट झाला.

कोण होते रुडॉल्फ डिझेल?

जन्म १८ मार्च १८५८, पॅरिसमध्ये. आई-वडील जर्मन, वडिलांचं चामड्याच्या वस्तूंचं छोटं काम. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनीत युद्ध पेटलं आणि कुटुंबाला लंडनला जावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फ यांना जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवलं गेलं. पुढे म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेतून १८८० मध्ये ते उत्तम गुणांनी इंजिनिअर झाले. तिथले प्राध्यापक कार्ल लिंडे यांच्याच बर्फ बनवण्याच्या यंत्रांच्या व्यवसायात त्यांनी नोकरी धरली.

डोक्यात मात्र इंजिन होतं. त्या काळची वाफेची इंजिनं कोळशातली ९० टक्के किंवा त्याहून जास्त उष्णता वाया घालवत. रुडॉल्फ यांनी आधी अमोनियाच्या वाफेवर चालणारं इंजिन करून पाहिलं. त्यात काही वर्षं गेली, पण इंजिन उपयोगाचं निघालं नाही.

पहिली चूक: कागदावरचं गणित

सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो. हवा दाबली की तापते. ती इतकी दाबायची की आत सोडलेलं इंधन ठिणगीशिवाय पेटेल, ही रुडॉल्फ यांची कल्पना. १८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं.

पण गणितात मोठी अडचण होती. इंधन जळताना तापमान वाढूच द्यायचं नाही, असं त्यांनी धरलं होतं. त्यासाठी हवेचा दाब वातावरणाच्या तब्बल २५० पट लागणार होता. इतका दाब त्या काळच्या सिलिंडरला झेपणारा नव्हता. शिवाय असं इंजिन बनलं असतं, तरी त्याची बरीचशी ताकद स्वतःचंच घर्षण सोसण्यात गेली असती. ही चूक लक्षात आल्यावर त्यांनी दाब कमी केला आणि इंधन जाळण्याची पद्धत बदलली. पुस्तक मात्र छापून गेलं होतं. पुढे विरोधकांनी त्यावरूनच त्यांच्या पेटंटला आव्हान दिलं.

१० ऑगस्ट १८९३ ला काय झालं?

ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याने आणि क्रुप कंपनीने पैसा दिला. पहिलं इंजिन कारखान्याच्या पट्ट्याने फिरवून त्यात इंधन सोडलं गेलं. इंधन पेटलं, दाब सुमारे ८० पटींवर गेला आणि दाब मोजणारं उपकरण फुटून उडालं. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. ठिणगीशिवाय इंधन पेटतं हे सिद्ध झालं, पण इंजिन स्वतःच्या बळावर फिरलं नाही.

ते फिरलं १७ फेब्रुवारी १८९४ ला, तेही जेमतेम मिनिटभर. त्यानंतर तीन वर्षं दुरुस्त्या चालल्या. १८९७ च्या फेब्रुवारीत प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. सुमारे १८ अश्वशक्तीच्या त्या इंजिनाने इंधनातल्या २६ टक्के ऊर्जेचं काम करून दाखवलं. त्या काळात हा आकडा थक्क करणारा होता.

सर्वांत महागडी चूक कोणती?

चाचणी झाली आणि विक्री लगेच सुरू झाली. अमेरिकेतले बिअर उद्योजक अडॉल्फस बुश यांनी तिथल्या हक्कांसाठी १० लाख मार्क मोजले. इतर देशांतल्या कंपन्याही रांगेत होत्या.

पण चाचणीच्या वेळी इंजिनाभोवती ते बनवणारेच इंजिनिअर उभे होते. ग्राहकाच्या कारखान्यात रोज दहा-बारा तास, साध्या कामगाराच्या हाताखाली ते टिकेल का, हे कुणी तपासलंच नव्हतं. १८९८ मध्ये केम्प्टनच्या काडेपेटी कारखान्यात ६० अश्वशक्तीचं इंजिन बसलं आणि सतत दुरुस्तीला येऊ लागलं. ऑग्सबर्गमध्ये खास डिझेल इंजिनांसाठी काढलेल्या कारखान्याची इंजिनं ग्राहकांनी परत केली. तिथलं उत्पादन थांबवावं लागलं.

त्याच वर्षी रुडॉल्फ यांची तब्येत ढासळली आणि त्यांना उपचारांसाठी दाखल व्हावं लागलं. इंजिन खऱ्या अर्थाने भरवशाचं झालं ते ऑग्सबर्गच्या मूळ कारखान्यातल्या इंजिनिअरांनी पुढची काही वर्षं एकेक दोष काढल्यावर. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं.

गाडीत का बसलं नाही?

इंधन आत फवारण्यासाठी दाबलेली हवा लागायची. म्हणजे इंजिनासोबत कॉम्प्रेसरचंही ओझं. जहाजाला ते चालत होतं, गाडीला नाही. १९०८ च्या सुमारास रुडॉल्फ यांनी ट्रकसाठी छोटं इंजिन करून पाहिलं, पण ते व्यवहारात उतरलं नाही. १९२७ पासून बॉश कंपनीचे इंधन पंप मोठ्या संख्येने बनू लागले आणि हा प्रश्न सुटत गेला. १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझची डिझेल कार बाजारात आली. ती पाहायला रुडॉल्फ नव्हते.

शेवट कसा झाला?

हक्क विकून मिळालेल्या पैशातून त्यांनी म्युनिकमध्ये आलिशान बंगला बांधला. जमिनींच्या सौद्यांत आणि तेलाच्या खाणींत गुंतवलेला पैसा बुडाला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ड्रेस्डेन या जहाजावरून ते बेपत्ता झाले. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह सापडला. त्याच्याजवळच्या वस्तू मुलाने ओळखल्या. घरी खाती रिकामी होती आणि डोक्यावर कर्ज होतं. आत्महत्या, अपघात की घातपात, यावर आजही वाद आहे.

आपल्याकडे हे इंजिन कसं रुजलं?

महाराष्ट्रात सातारा रोडच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं बनवली. १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. विहिरीवर मोटेच्या जागी इंजिन आलं, ते याच वाटेने.

गाडी बांधणाऱ्यांनी काय घ्यावं?

दुसरं इंजिन बसवलं, सेल्फ मारला, इंजिन धडधडलं की काम झालं असं वाटतं. रुडॉल्फ यांचं इंजिन १८९७ मध्ये त्याच टप्प्यावर होतं. खरी परीक्षा त्यानंतर असते: मे महिन्याच्या उन्हात लोड घेऊन दोन तास चालवल्यावर पाणी तापतं का, ऑइलचं प्रेशर पडतं का, हेड गॅस्केट गळतं का. ही तपासणी होईपर्यंत गाडी विकू नये, लांबच्या प्रवासाला काढू नये आणि बजेटमधली सगळी रक्कम इंजिन खरेदीतच संपवू नये. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, तीही आधीच घेतलेली बरी.