चंद्रावर यानं पाठवणारा ‘गुप्त’ इंजिनिअर

आजच्या युक्रेनमध्ये १९०७ साली जन्मलेले सर्गेई कोरोलेव्ह रॉकेट इंजिनिअर होते. १९३८मध्ये खोट्या आरोपांवरून अटक झाली आणि त्यांना कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत राबावं लागलं. पुढे तेच सोव्हिएत रॉकेटांचे मुख्य डिझायनर झाले. नाव मात्र सरकारने गुप्त ठेवलं.

१९५९मध्ये लुना-१चा नेम चुकला, लुना-२ चंद्रावर आदळलं. लुना-३ने चंद्राच्या मागच्या बाजूचे फोटो काढले. फिल्म यानातच धुतली, स्कॅन केली आणि रेडिओने पृथ्वीवर पाठवली!

अलगद उतरण्याचे प्रयत्न मात्र फसतच राहिले. १४ जानेवारी १९६६ला शस्त्रक्रियेच्या वेळी कोरोलेव्ह गेले. तेव्हा कुठे जगाला त्यांचं नाव कळलं. २० दिवसांनी लुना-९ चंद्रावर अलगद उतरलं. तिथून आलेले फोटो बघायला ते नव्हते.