भूतकाळात जाण्याची वाट गणितात शोधणारे कुर्ट गोडेल. शेवट मात्र उपासमारीनं

गेलेला माणूस पुन्हा भेटेल का? चुकलेला निर्णय मागं जाऊन सुधारता येईल का? हा प्रश्न प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. मोबाइलवर तर टाइम मशीनचे व्हिडिओ रोज फिरत असतात. पण या प्रश्नाला गंमत न समजता, कागद-पेन्सिल घेऊन गणितानं भिडणारा एक माणूस होऊन गेला. त्यांचं नाव कुर्ट गोडेल. आइन्स्टाइन यांचे ते जिवलग मित्र, आणि गेल्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या तर्कशास्त्रज्ञांपैकी एक.

सारखं ‘का’ विचारणारं पोर

गोडेल यांचा जन्म २८ एप्रिल १९०६ रोजी ब्रनो शहरात झाला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होतं, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. वडील कापडाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. घरात खाऊन-पिऊन सुख होतं. पोरगं एवढे प्रश्न विचारायचं की घरच्यांनी त्याचं नावच ‘श्रीयुत का’ असं ठेवलं होतं.

लहानपणी त्याला संधिवाताचा ताप आला. त्यातून तो बरा झाला. पण पुढं आठ वर्षांचा असताना त्या आजाराविषयी त्यानं पुस्तकात वाचलं आणि आपलं हृदय कायमचं कमजोर झालंय असं मनात घेतलं. तब्येतीची ही धास्ती जन्मभर सुटली नाही.

१९२४ मध्ये गोडेल व्हिएन्ना विद्यापीठात शिकायला गेले. सुरुवातीला भौतिकशास्त्र करायचं ठरलं होतं, नंतर ते गणिताकडे वळले. १९३१ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी असा शोध छापला की जगातले गणिती हादरले. त्याचं सार असं: अंकगणिताचं नियमपुस्तक कितीही काळजीपूर्वक लिहा, त्यात परस्परविरोध नसेल तर अशी काही खरी विधानं राहतातच, जी त्या नियमांनी सिद्ध करता येत नाहीत. गणितात सगळं काही सिद्ध करता येईल, ही मोठमोठ्या विद्वानांची आशा तिथंच संपली.

अडेल, भीती आणि जगाला वळसा

व्हिएन्नातच त्यांची ओळख अडेल यांच्याशी झाली. त्या नाइट क्लबमध्ये नाचण्याचं काम करत. वयानं सहा वर्षांनी मोठ्या, घटस्फोटित. गोडेल यांच्या घरच्यांना हे पसंत नव्हतं. तरीही १९३८ मध्ये दोघांनी लग्न केलं.

त्याआधी १९३६ मध्ये गोडेल यांचे एक प्राध्यापक मोरित्स श्लिक यांचा एका माजी विद्यार्थ्यानं विद्यापीठाच्या जिन्यावरच गोळ्या घालून खून केला. गोडेल यांच्या मनावर त्याचा फार वाईट परिणाम झाला. आपल्याला कुणीतरी जेवणातून विष घालील, ही भीती त्यांच्या मनात बसली. मग अडेल आधी स्वतः घास खाऊन दाखवायच्या, तेव्हा कुठं ते जेवायचे.

१९३८ मध्ये हिटलरच्या जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळंकृत केला. गोडेल ज्यू नव्हते. पण ज्यू समजून गुंड पोरांनी त्यांना रस्त्यात गाठलं. अडेल यांनी हातातल्या छत्रीनं त्यांना पळवून लावलं. पुढं सैन्याच्या तपासणीत गोडेल भरतीस योग्य ठरले. आता देश सोडण्यावाचून इलाज नव्हता.

अटलांटिक समुद्रात युद्धाचा धोका होता. म्हणून १९४० च्या जानेवारीत नवरा-बायको उलट्या दिशेनं निघाले. रेल्वेनं अख्खा सायबेरिया पार केला, तिथून जपान, मग जहाजानं पॅसिफिक ओलांडून मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्को, आणि शेवटी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला प्रिन्स्टन.

आइन्स्टाइनबरोबरची पायपीट

प्रिन्स्टनच्या संशोधन संस्थेत आइन्स्टाइन आधीपासूनच होते. दोघांची गट्टी जमली. एक विस्कटलेल्या केसांचा, हसरा, गप्पिष्ट. दुसरा बारीक, अबोल, उन्हाळ्यातही गरम कोट घालणारा. रोज दोघं बोलत-बोलत घरी चालत जायचे. गोडेल यांच्यासोबत चालायला मिळावं एवढ्यासाठीच आपण ऑफिसला येतो, असं म्हातारपणी आइन्स्टाइन सांगत.

१९४७ मध्ये अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी मुलाखत होती. गोडेल यांनी आख्खी राज्यघटना वाचून काढली आणि त्यात एक पळवाट शोधली. तिच्या आधारानं अमेरिकेतही कायदेशीरपणे हुकूमशाही येऊ शकते, असं त्यांचं म्हणणं. साक्षीदार म्हणून आइन्स्टाइन आणि अर्थतज्ज्ञ मॉर्गेनस्टर्न सोबत होते. हा विषय काढू नका, असं दोघांनी बजावलं होतं. तरी न्यायाधीशांसमोर गोडेल यांनी तो काढलाच! न्यायाधीश समजूतदार होते, त्यांनी विषय आवरता घेतला. पुढच्या वर्षी नागरिकत्व मिळालं.

वाढदिवसाची भेट: फिरणारं विश्व

मार्च १९४९ मध्ये आइन्स्टाइन सत्तर वर्षांचे झाले. त्यानिमित्त गोडेल यांनी त्यांना जी भेट दिली ती आइन्स्टाइन यांच्याच समीकरणांतून निघाली होती.

आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये दाखवलं होतं की जागा आणि काळ वेगळे नाहीत, आणि वजनदार वस्तू त्या दोघांनाही वाकवतात. गोडेल यांनी विचार केला, सगळं विश्वच भोवऱ्यासारखं गरगरत असेल तर? गणित सोडवल्यावर उत्तर आलं की अशा विश्वात काळाची दिशा जागोजागी कलते. पुरेसं लांब गेलं तर ती एवढी कलते, की पुढं जाता-जाता माणूस स्वतःच्या भूतकाळात पोहोचू शकतो.

गुऱ्हाळावर चरकाला जुंपलेला बैल गोल फिरून त्याच जागी येतो, पण तोवर वेळ पुढं गेलेली असते. गोडेल यांच्या विश्वात पुरेशी मोठी फेरी मारली तर माणूस निघाला त्याच जागी, आणि निघाला त्याच वेळेला किंवा त्याच्याही आधी पोहोचू शकतो. रिव्हर्स गिअर टाकावा लागत नाही, प्रकाशाचा वेगही ओलांडावा लागत नाही.

पण त्यासाठी यानाचा वेग प्रकाशाच्या निदान ७१ टक्के हवा, हेही गोडेल यांनीच काढलं. म्हणजे सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या वर. नासाचं पार्कर यान हे माणसानं बनवलेलं सगळ्यात वेगवान यान. सूर्याजवळून जाताना त्याचा वेग सेकंदाला १९२ किलोमीटरच्या आसपास होता. इंधनाचा हिशोब तर विचारूच नका, तो गोडेल यांनाही अशक्यच दिसला होता.

गोडेल यांना यंत्र बनवायचं नव्हतंच. त्यांचा मुद्दा वेगळा होता. तालुक्याच्या गावाला जाऊन यावं तसं भूतकाळात जाता येत असेल, तर भूतकाळ सरला असं म्हणायचं कसं? म्हणून काळ वाहतो ही आपली समजूतच खरी नसावी, असं त्यांचं मत झालं.

आइन्स्टाइन यांनी या कामाचं महत्त्व मान्य केलं. मात्र निसर्गाच्या दुसऱ्या एखाद्या नियमानं असली विश्वं बाद होतात का, हे तपासायला हवं, असंही त्यांनी नोंदवलं. १९५१ मध्ये आइन्स्टाइन यांच्या नावाचं पहिलं पारितोषिक गोडेल आणि जूलियन श्विंगर यांना विभागून मिळालं.

आपलं विश्व तसं आहे का?

नाही, असंच आजचं उत्तर आहे. गोडेल यांचं विश्व फिरतं पण फुगत नाही. आपलं विश्व फुगतंय, आणि ते गरगरतंय अशी खूण आजवर सापडलेली नाही. गोडेल स्वतः पुढं कित्येक वर्षं आकाशगंगांच्या नोंदी तपासत राहिले.

भविष्याकडे जाण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, ती रोज घडते. रेवतीला घेऊन राजा ककुद्मी ब्रह्मलोकी गेला, परत आला तर पृथ्वीवर युगं उलटलेली, अशी पुराणात कथा आहे. ती कथा म्हणजे पुरावा नव्हे. पण वेगानं जाणाऱ्याचा वेळ हळू चालतो, हे मोजून सिद्ध झालंय. १९७१ मध्ये हाफेली आणि कीटिंग यांनी अणुघड्याळं विमानातून पृथ्वीभोवती फिरवली. परत आल्यावर जमिनीवरच्या घड्याळांशी त्यांचा फरक सेकंदाच्या काही अब्जांश भागांचा निघाला, सिद्धांत सांगत होता तसाच.

हातातल्या मोबाइलचं जीपीएसही याच हिशोबावर चालतं. उपग्रहावरचं घड्याळ वेगामुळं थोडं मागं पडतं, पण उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असल्यानं त्याहून जास्त पुढं पळतं. एकंदर दिवसाला ते सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी सुमारे ३८ भाग पुढं जातं. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात नकाशा दहा किलोमीटरहून जास्त चुकेल.

शेवटची वर्षं

१९५५ मध्ये आइन्स्टाइन गेले. गोडेल आणखीच एकटे पडले. १९७७ मध्ये मॉर्गेनस्टर्न वारले. त्याच वर्षी अडेल यांना कित्येक महिने दवाखान्यात राहावं लागलं. घास चाखून देणारं माणूसच घरात उरलं नाही. गोडेल यांनी जेवण जवळजवळ सोडलं. १४ जानेवारी १९७८ रोजी प्रिन्स्टनच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. तेव्हा वजन होतं सुमारे ३० किलो. खून-विषाची भीती हा मनाचा आजार होता. तर्कशास्त्रातल्या एवढ्या मोठ्या माणसालाही तर्कानं त्यातून बाहेर पडता आलं नाही.

आज विज्ञान काय म्हणतं?

भूतकाळात जाऊन कुणी आपल्या आजोबालाच लग्नाआधी मारलं, तर मारणारा जन्मला कुठून? या पेचामुळं १९९२ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी मत मांडलं की निसर्गच भूतकाळाची वाट बंद ठेवत असावा. पण हा अंदाज आहे, अजून सिद्ध झालेला नाही. आइन्स्टाइन यांची समीकरणं बंदी घालत नाहीत, हे गोडेल यांचं गणित आजही कुणाला खोडता आलेलं नाही. बंदी नाही म्हणजे रस्ता तयार आहे, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही.

हा फरक न कळल्यामुळं लोक फसतात. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कानपुरात, इस्रायलच्या टाइम मशीननं म्हाताऱ्यांना तरुण करतो असं सांगून कोट्यवधी रुपये उकळल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. भूतकाळात नेणारं किंवा वय मागं नेणारं यंत्र आज जगातल्या एकाही प्रयोगशाळेत नाही. असं यंत्र दाखवून कुणी पैसे मागत असेल, तर टाइम मशीनची नाही, पोलीस ठाण्याची वाट धरावी.