डॉक्टर आनंदीबाई जोशी व त्यांचे दहा दिवसांचे बाळ

शिक्रापूर व सणसवाडीच्या बाजूस भाड्याच्या खोल्यांतून पुष्कळ तरुण कुटुंबे राहतात. नवरा कारखान्यात, बायको घरी एकटी. माहेर दूर मराठवाड्यात, सासू गावी शेतावर. अशा घरी पहिले मूल जन्मास आले म्हणजे त्या पहिलटकरणीस विचारावयास जवळ हक्काचे माणूस नसते, आणि शेजारच्या दहा जणी येऊन दहा परी सांगतात. ह्या मुलींस पाहून आम्हांस एका चौदा वर्षांच्या मातेची आठवण होते. तिचे नाव मोठे झाले. पुस्तकांतून व शाळांतून ते सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती पहिली स्त्री डॉक्टर, एवढेच सांगून लोक थांबतात. तिच्या पाळण्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी, १८७४ साली, त्यांचे लग्न गोपाळराव जोशी ह्यांच्याशी झाले. गोपाळराव टपालखात्यात कारकून होते, बिजवर होते, आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी वडील होते. बायकोस शिकवावयाचे हा त्यांचा ध्यास. तो त्यांनी पुरा केला ह्याबद्दल त्यांची स्तुती होते, व ती यथायोग्य आहे. तथापि ते तापट व विक्षिप्त होते आणि अभ्यासात चुकारपणा झाला तर त्या लहानग्या मुलीस मारीतही असत, हेही खरे आहे. चरित्र सांगावयाचे तर दोन्ही सांगितले पाहिजे.

चौदाव्या वर्षी त्या प्रसूत झाल्या. मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

वेळेवर योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही म्हणून आपले मूल गेले, ही गोष्ट त्या मातेच्या मनातून कधी गेली नाही. त्या काळी डॉक्टर थोडे, जे होते ते पुरुष, आणि परपुरुषापुढे दुखणे बोलून दाखविणे कुलीन स्त्रीस मरणाहून कठीण वाटे. बाळंतपण सुईणीच्या हाती असे. तिचा हात सरावलेला असे, परंतु तो धुतलेला असेलच असे नव्हे. आणि ह्याचा दोष एकट्या आपल्या गावच्या सुईणीस देऊ नये. व्हिएन्ना शहरातील झेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने १८४७ साली औषधी पाण्याने हात धुण्याचा नियम करून बाळंतिणींचे मृत्यू पुष्कळ कमी करून दाखविले, तरी पुढे कित्येक वर्षे मोठमोठ्या डॉक्टरांनी ते मानले नाही. धनुर्वाताचा जंतू तर १८८९ साली वेगळा काढण्यात आला. म्हणजे गलिच्छ विळ्याने कापलेल्या व शेणराखेने लिंपलेल्या नाळेतून मूल कसे दगावते, हे आनंदीबाईंचे बाळ गेले त्या वेळी जगात कोणासच नीट कळलेले नव्हते. आज ते कळलेले आहे. गरोदरपणीची लस व स्वच्छ बाळंतपण ह्यांच्या योगाने तान्ह्या मुलांचा धनुर्वात हिंदुस्थानात इतका आटोक्यात आला की २०१५ साली त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले.

तेव्हा पुढील कथा सांगण्यापूर्वी त्या पाळण्यापाशी थोडे थांबावे असे वाटते. मंडळीतील उपदेशक बंधूंनी व त्यांच्या पत्नींनी हा भाग घरोघर वाचून दाखवावा.

मूल जन्मताच पहिली गरज उबेची. आईच्या पोटातील उबेतून ते एकाएकी गारव्यात येते, व ओले अंग लवकर निवते. म्हणून ताबडतोब स्वच्छ कोरड्या फडक्याने टिपून त्यास आईच्या उघड्या छातीशी धरावे व वरून दोघांस पांघरूण घालावे. मग टोपडे, मग बाळंते. (नाताळच्या वाचनात बाळंत्याचा उल्लेख आपण दरवर्षी ऐकतो, गोठ्यातसुद्धा त्या मातेने ते विसरले नाही.) पहिल्या दिवशी अंघोळ घालू नये, निदान चोवीस तास जाऊ द्यावेत. बाळाचे पोट व पाऊल दोन्हींस हात लावून पाहावे. पोट उष्ण व पाऊल गार लागले तर मूल निवत आहे असे समजावे. अडीच किलोहून कमी वजनाच्या मुलास तर आईच्या अंगाची ऊब शेगडीहून शतपट बरी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे घातक आहे. तिच्या धुरात न दिसणारे विष असते.

दुसरी गोष्ट दूध. जन्मानंतर तासाच्या आत मुलास अंगावर घ्यावे. पहिला पिवळसर चीक पुष्कळ घरी पिळून टाकतात. वासराला तो पाजला नाही तर गवळी आपणांस मूर्ख म्हणेल, आणि लेकराच्या वेळी मात्र आपण तोच टाकतो! त्या चिकात रोग अडविण्याचे सामर्थ्य असते. मध, गुटी, साखरपाणी, गाईचे दूध ह्यांपैकी काही नको. सहा महिनेपर्यंत पाणीसुद्धा नको. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजावे. पहिले दोन-तीन दिवस दूध थोडे वाटते. त्यामुळे पहिलटकरीण घाबरते व सासू बाटली आणावयास सांगते. घाबरू नये, पाजीत राहावे, म्हणजे दूध उतरते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर मूल दिवसातून सहा वेळा तरी ओले करीत असेल तर त्यास दूध पुरत आहे.

नाळेस काही लावू नये. हळद नको, तेल नको, राख नको, शेण तर मुळीच नको. ती कोरडी ठेवावी. आपोआप गळून पडते. मुलास उचलणाऱ्या प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत, मग तो पाळक का असेना. डोळ्यांत काजळ व कानानाकांत तेल घालण्याची हौस आवरावी. दवाखान्यातून घरी येण्यापूर्वी पहिल्या लशी टोचून घ्याव्यात. पुढे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. पाहुणी समजून चहा देऊन त्यांची बोळवण करू नये. मूल उघडे करून त्यांस दाखवावे, वजन करू द्यावे.

आणि मूल दूध ओढीनासे झाले, मलूल पडले, अंग तापले किंवा गार पडले, श्वास मिनिटास साठ किंवा त्याहून अधिक वेळा चालला, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, बेंबीभोवती लाली किंवा पू दिसला, पहिल्याच दिवशी अंग पिवळे झाले किंवा पुढे तळहात-तळपाय पिवळे पडले, तर सकाळची वाट पाहू नये. दृष्ट काढण्यातही वेळ घालवू नये. १०८ किंवा १०२ क्रमांकावर गाडी बोलवावी, आणि वाटेत मूल आईच्या छातीशीच असावे.

आता आपण पुन्हा आनंदीबाईंकडे वळू.

गोपाळरावांनी कोल्हापूरच्या मिशनात काम केलेले वाइल्डर साहेब ह्यांस पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत साहाय्य मागितले होते. साहेबांनी ख्रिस्ती होण्याविषयी सुचविले. ते जोशी दांपत्यास मान्य झाले नाही, व ती गोष्ट तेथेच राहिली. मदतीबरोबर अट जोडली म्हणजे मदत व साक्ष दोन्ही दुबळ्या होतात, असे आमचे मत आहे. परंतु ते पत्र साहेबांच्या मासिकात छापले गेले होते. १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे बसून राहिल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी कोणतीही अट न घालता पत्र लिहिले. आनंदीबाई पुढे त्यांस मावशी म्हणू लागल्या.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालातील श्रीरामपूर येथे, केरी व त्यांच्या सोबत्यांनी १८१८ साली स्थापिलेल्या कॉलेजात, आनंदीबाईंनी उभे राहून आपण परदेशी का जात आहोत हे सांगितले. हिंदुस्थानास स्त्री डॉक्टरांची गरज आहे, व आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्या भाषणाचा आशय होता. वय पुरते अठरा नव्हते. ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून बोट सुटली. पती बरोबर नव्हते. जून महिन्यात त्या न्यूयॉर्कास उतरल्या, आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाल्या.

तेथील थंडीत साडी नेसून, शाकाहार सांभाळून, आधीच अशक्त असलेल्या देहाने त्यांनी अभ्यास केला. शेवटच्या प्रबंधासाठी त्यांनी निवडलेला विषय पाहावा: आर्य हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र. ज्या खोलीत आपले मूल गेले त्या बाळंतिणीच्या खोलीकडेच त्या समुद्रापलीकडूनही पाहत होत्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांस पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडाहून मुद्दाम गेल्या होत्या. दोघींचे दूरचे नाते होते. ह्याच रमाबाईंनी पुढे आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यात केडगावी मुक्तिसदन उभारले. एक हिंदू राहिली, दुसरी ख्रिस्ती झाली. त्या दिवशी फिलाडेल्फियात दोघी एकाच सभागृहात बसल्या होत्या.

कोल्हापूर दरबाराने आनंदीबाईंस आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर नेमिले. परंतु क्षयाने त्यांस आधीच ग्रासले होते. १८८६ च्या अखेरीस त्या स्वदेशी परतल्या त्या अंथरुणास खिळण्यासाठीच. कोल्हापूरच्या एकाही बाळंतिणीस त्यांचा हात लागला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. बाविसावे वर्ष पुरे होण्यास एक महिना उरला होता.

गोपाळरावांनी अस्थी अमेरिकेस कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क प्रांतातील पोकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या ठेवलेल्या आहेत.