लुइस बुन्युएल : देशाबाहेरचा स्पॅनिश दिग्दर्शक

विसाव्या शतकाच्या मध्यावर स्पेनमध्ये चित्रपट काढायचा, तर प्रथम शासनाची अनुज्ञा मिळवावी लागे. १९३९ मध्ये यादवी युद्ध संपले आणि जनरल फ्रँको यांची एकछत्री सत्ता सुरू झाली. चित्रीकरणापूर्वी पटकथा तपासली जाई. पूर्ण झालेला चित्रपट पुन्हा तपासला जाई. १९४१ मध्ये परभाषी चित्रपट स्पॅनिश संवाद चढवूनच दाखविण्याची सक्ती झाली आणि १९४३ पासून प्रत्येक चित्रपटगृहाला सरकारी वार्तापट दाखविणे भाग पडले. अशा काळात स्पेनचा सर्वांत थोर दिग्दर्शक स्पेनमध्ये नव्हता, याचे नवल वाटू नये.

लुइस बुन्युएल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९०० रोजी आरागॉन प्रांतातील कालांदा या गावी झाला. वडिलांनी क्यूबातील हवाना येथे लोखंडी सामानाच्या व्यापारात पैसा मिळवून गावी परतल्यावर संसार थाटला होता. सात भावंडांत लुइस थोरले. कालांदात गुड फ्रायडेच्या दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत गावकरी अखंड ढोल वाजवितात. तो नाद पुढे त्यांच्या अनेक चित्रपटांत उतरला. शिक्षण सारागोसा येथील जेझुइटांच्या शाळेत झाले. धर्मश्रद्धा पुढे गळून पडली, तथापि धर्माचा विषय सुटला नाही.

१९१७ मध्ये ते माद्रिदला आले. तेथील विद्यार्थी वसतिगृहात कवी लोर्का आणि चित्रकार दाली हे त्यांचे मित्र झाले. दालीसमवेत लिहिलेला पहिला लघुपट, ‘अँडलुशियन कुत्रा’, १९२९ मध्ये पॅरिसला आला. त्याचा खर्च आईने दिलेल्या पैशांतून भागला. पुढच्याच वर्षीच्या ‘सुवर्णयुगा’वर पॅरिसमध्ये बंदी आली. १९३३ मध्ये त्यांनी लास उर्देस या अत्यंत दरिद्री डोंगराळ भागावर अनुबोधपट केला. त्यासाठी रामोन आसीन या मित्राने लॉटरीत मिळालेले पैसे दिले होते. हा अनुबोधपट स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारलाही सोसवला नाही. दारिद्र्य दाखविणे कोणत्याच राजवटीला रुचत नाही, हे आपणांस ठाऊक आहेच. १९३६ मध्ये युद्ध पेटताच आसीन आणि लोर्का या दोघांनाही फ्रँकोपक्षीयांनी ठार केले.

बुन्युएल अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात नोकरी मिळाली. परंतु दालीने आत्मचरित्रात त्यांच्या नास्तिकतेचा बोभाटा केला आणि १९४३ मध्ये त्यांना ती सोडावी लागली. १९४६ मध्ये ते मेक्सिकोत आले आणि १९४९ मध्ये तेथील नागरिक झाले. पुढे तेथे त्यांनी सुमारे वीस चित्रपट केले. त्यांतले कित्येक पोटासाठी केलेले होते. मात्र शहरातील अनाथ, उनाड मुलांवरचा १९५० चा ‘विस्मृत’ हा चित्रपट त्यांत उठून दिसतो. मेक्सिकोत तो काही दिवसांतच उतरविण्यात आला. १९५१ मध्ये कान महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाल्यावर तो पुन्हा झळकला.

इकडे स्पेनमध्ये नवी पिढी अस्वस्थ होती. बेर्लांगा यांनी १९५३ मध्ये ‘या, मार्शल महाशय’ या विनोदी चित्रपटातून अमेरिकन मदतीची आस लावून बसलेल्या खेड्याची गंमत केली. १९५५ मध्ये सालामांका येथे भरलेल्या चर्चासत्रात बार्देम यांनी देशी चित्रपटाच्या निःसत्त्वपणावर कठोर टीका केली. याच बार्देम यांच्याशी संबंधित ‘उनिन्सी’ या निर्मितीसंस्थेने, अन्य स्पॅनिश आणि मेक्सिकन भागीदारांसह, बुन्युएल यांना मायदेशी चित्रपट करण्यास बोलाविले. राजवटीलाही आपण उदार झालो आहोत, असे जगाला दाखवायचे होते. बुन्युएल गेले. निर्वासित स्पॅनिश बांधवांनी त्यांना फितूर ठरविले, आणि हा आरोप त्यांच्या जिव्हारी लागला असणार.

चित्रपट होता ‘विरिदियाना’. मठात जाऊ पाहणारी एक तरुणी काकाच्या मृत्यूनंतर त्याच्या वाड्यात भिकाऱ्यांना आश्रय देते. एका रात्री ते भिकारी तिथे धिंगाणा घालतात आणि क्षणभर ‘अखेरच्या भोजना’च्या चित्राप्रमाणे पंगत मांडतात. शेवटी नायिका चुलत भावाच्या खोलीत शिरते, या प्रसंगास परीक्षकांनी हरकत घेतली. बुन्युएल यांनी आज्ञाधारकपणे तो बदलला : भाऊ, मोलकरीण आणि नायिका असे तिघे पत्ते खेळू लागतात. परीक्षक संतुष्ट झाले. वास्तविक नवा शेवट जुन्याहून कितीतरी अधिक सूचक होता!

मे १९६१ मध्ये कान येथे ‘विरिदियाना’ला सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले. स्पेनच्या चित्रपट खात्याच्या संचालकांनीच ते स्वीकारले. लागलीच व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने चित्रपट धर्मनिंदक ठरविला. संचालकांची नोकरी गेली, ‘उनिन्सी’ बंद पडली, आणि स्पेनने चित्रपटाची निर्मिती झालीच नाही अशी भूमिका घेतली. ग्रंथालयाच्या दाखलवहीतून एखाद्या पुस्तकाची नोंदच खोडून टाकावी, तसा हा प्रकार. परदेशी मात्र मेक्सिकन भागीदारामुळे तो दाखविला जात राहिला.

बुन्युएल यांनी १९७० मध्ये तोलेदो येथे गाल्दोस यांच्या कादंबरीवर ‘त्रिस्ताना’ केला. १९७२ च्या ‘बूर्झ्वांचे सौम्य आकर्षण’ या फ्रेंच चित्रपटास ऑस्कर मिळाले. फ्रँको यांचे निधन १९७५ मध्ये झाले. ‘विरिदियाना’ स्पेनच्या प्रेक्षकांपुढे १९७७ मध्ये आला. बुन्युएल यांचा अखेरचा चित्रपटही त्याच वर्षीचा. १९८२ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि २९ जुलै १९८३ रोजी मेक्सिको सिटी येथे, मेक्सिकोचे नागरिक म्हणूनच, त्यांचा अंत झाला.