मेडिकलवाला झोपेच्या गोळीसाठी रजिस्टर का भरतो? सुरुवात कर्नल चोप्रांपासून

जळगाव असो की धुळे, अल्प्राझोलमची स्ट्रिप मागितली की मेडिकलवाल्याने आधी डॉक्टरांची चिठ्ठी बघायची असते. मग रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव-पत्ता, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचे. ग्राहकाला ही कटकट वाटते. पण या शिस्तीचा पाया १९३० च्या एका चौकशीत आहे आणि तिचे अध्यक्ष होते कर्नल रामनाथ चोप्रा.

चोप्रांचा जन्म १८८२ चा, आता पाकिस्तानात असलेल्या गुजरांवाला इथला. केंब्रिजला शिकून ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले आणि १९२१ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले. देशी वनस्पतींबरोबर त्यांनी अफूच्या सवयीचाही अभ्यास केला. बाळ रडू नये म्हणून त्याला अफू देण्याची पद्धतही त्यांनी नोंदवली. आपल्याकडे हीच ती बाळगोळी. (माळव्याची अफू एकेकाळी खान्देशातूनच मुंबई बंदराकडे जायची.)

औषध चौकशी समितीपुढचा मुख्य प्रश्न मात्र नशेचा नव्हता, भेसळीचा होता. बाटलीत लेबलवर लिहिलेलेच औषध आहे का, हे तपासायला देशभर लागू असा कायदाच नव्हता. औषध देणारा शिकलेला असावा, हे बंधनही सगळीकडे नव्हते. केंद्रीय कायदा, तपासणी प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित फार्मासिस्ट हवेत, असे समितीने १९३१ मध्ये सांगितले. औषध कायदा यायला १९४० उजाडले, फार्मसी कायदा तर १९४८ चा. मलेरियाच्या देशात नकली क्विनीनवर नऊ वर्षे थांबणे म्हणजे फारच झाले.

१९४१ मध्ये चोप्रांना 'सर' किताब मिळाला. निवृत्तीनंतर ते जम्मू-काश्मीरमध्ये औषध संशोधनात रमले. १९७३ मध्ये श्रीनगरला त्यांचे निधन झाले.

अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा त्यानंतर, १९८५ मध्ये आला. चोप्रांच्या समितीतून उभ्या राहिलेल्या औषध कायद्यात मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. त्याचे रजिस्टर ३ वर्षे जपावे लागते. शेड्यूल एक्सच्या औषधाला वेगळा परवाना, कुलूपबंद साठा आणि दोन प्रतींतली चिठ्ठी लागते. त्यातली एक प्रत दुकानात २ वर्षे ठेवायची. अल्प्राझोलम दोन्ही कायद्यांत येते. वेदनाशामक ट्रामाडोलही २०१८ पासून एनडीपीएसखाली आहे. त्यामुळे बिल, रजिस्टर आणि शिल्लक साठा जुळला नाही, तर एफडीए दुकानाचा परवाना निलंबित किंवा रद्द करू शकते आणि बेकायदा विक्री सिद्ध झाल्यास तुरुंगवासही होऊ शकतो.