अ‍ॅना मणी

आषाढ लागला की मावळातील डोंगर ढगांत बुडून जातात. लोणावळ्यास वर्षाकाठी सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून जवळच असलेल्या पुण्यास मात्र त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही पाऊस मिळत नाही. हे आपण निःशंकपणे सांगतो, ते पर्जन्यमापकाच्या भरवशावर. परंतु मापकच सदोष असेल तर? उपकरणे निर्दोष असावीत ह्यासाठी ज्यांनी पुण्यात आपली उमेदीची वर्षे वेचली, त्या विदुषी म्हणजे अ‍ॅना मणी.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. आठव्या वाढदिवशी घरच्यांनी देऊ केलेली हिऱ्यांची कर्णभूषणे नाकारून त्यांनी ज्ञानकोश मागून घेतला. पुढे बंगळूर येथे सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांच्या हाताखाली त्यांनी हिरे व माणके ह्यांवर संशोधन केले, तथापि एम्. एस्‌सी. नसल्यामुळे मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. त्या खचल्या नाहीत. १९४५ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि हवामानाच्या उपकरणांत पारंगत होऊन १९४८ मध्ये पुण्यास हवामान खात्यात रुजू झाल्या.

त्या काळी साधी उपकरणेही परदेशातून येत. अ‍ॅना मणी ह्यांनी सुमारे १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशातच बनविण्यास चालना दिली. परंतु केवळ बनविण्याने त्यांचे समाधान होत नसे. उपकरण प्रमाण-उपकरणाशी ताडून पाहावे, तफावत आढळल्यास ती दूर करावी, असा त्यांचा आग्रह असे. चुकीच्या मापापेक्षा माप नसलेले बरे, अशी त्यांची धारणा होती.

वातावरणाच्या उंच थरांतील ओझोन वायू सूर्याच्या घातक किरणांपासून जीवसृष्टीचे रक्षण करतो. तो मोजण्यासाठी त्यांच्या मार्गदर्शनाखाली ओझोनसाँड हे उपकरण भारतातच तयार झाले. फुग्याखाली बांधलेल्या ह्या उपकरणातील पंप बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून खेळवितो. ओझोनमुळे द्रावणातील आयोडीन मुक्त होते व अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह वाहू लागतो. त्यावरून ओझोनचे प्रमाण कळते. पंपाची गती किंचित मंदावली तरी उत्तर चुकते. म्हणून उड्डाणापूर्वी असे उपकरण पारखावे लागते.

१९७६ मध्ये त्या उपमहासंचालकपदावरून निवृत्त झाल्या. त्यानंतरही देशातील ऊन व वारा ह्यांच्या मोजणीचे कार्य त्यांनी चालू ठेवले. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

आज हवेत तरंगणारे धुळीचे, धुराचे व क्षारांचे सूक्ष्म कण कोणत्या द्रव्यांचे आहेत, हे सांगणारी यंत्रे निघाली आहेत. त्यांनाही प्रथम ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यावर पारखून घ्यावे लागते. जगाचे माप घेण्यापूर्वी आपले माप तपासावे, हीच अ‍ॅना मणी ह्यांच्या चरित्राची शिकवण होय.